वाचनालयाची खरेदी देवघेवीच्या वहीतून ठरावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी सरत आला की राज्यातल्या छोट्या सार्वजनिक वाचनालयांत एकच धांदल उडते. अनुदानाचा राहिलेला हप्ता ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा, ग्रंथखरेदीची बिले फायलीला लागायला हवीत, म्हणून विक्रेत्याला फोन जातो : ‘चाळीस हजारांची पुस्तके पाठवून द्या, तुमच्या हिशेबाने.’ चार दिवसांत टेम्पोतून खोकी उतरतात, दाखल नोंदवहीत (प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवायच्या वहीत) नोंदी होतात, शिक्के पडतात, पुस्तके कपाटात जातात. गणपतीपासून जे पुस्तक दोन-तीन सभासद मागत होते, ते नेमके त्या खोक्यांत नसते. मग ‘हल्ली वाचतो कोण’ हे ठरलेले वाक्य आपण सगळेच म्हणतो.

वाचन घटले की नाही हा वाद तूर्त बाजूला ठेवू. पुस्तके निवडण्याची पद्धत मात्र बिघडली आहे आणि ती सुधारायला नवा निधी लागत नाही, एवढे या पत्रातून मांडायचे आहे. शासनाच्या अ-ब-क-ड वर्गवारीतल्या ‘ड’ आणि ‘क’ वर्गातली, एक ग्रंथपाल आणि फार तर एक शिपाई यांवर चालणारी वाचनालये डोळ्यांपुढे आहेत. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०) इथल्या जुन्या वाचनालयांकडे दुर्मिळ ग्रंथांचे भांडार आहे. त्यांचे प्रश्न निराळे.

निवडीची सुरुवात प्रकाशकाच्या यादीपासून होते, ती देवघेवीपासून, म्हणजे सभासद काय घेऊन जातात त्यापासून, व्हायला हवी. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते. एका दुपारी एकच कपाट घ्यावे आणि प्रत्येक पुस्तकाची ती चिठ्ठी पाहावी. गेल्या वर्षभरात किती शिक्के पडले, तीन वर्षांत एकही पडला नाही अशी पुस्तके किती, एवढेच कागदावर टिपायचे. दहा-बारा कपाटांचे वाचनालय असेल तर रोज एक कपाट घेऊन पंधरवड्यात काम उरकते. संगणकावर देवघेव असेल तर हाच अहवाल काही मिनिटांत निघतो. पण तो काढून समितीपुढे ठेवणारे थोडे.

मग दोन आकडे शेजारी मांडायचे : एखाद्या विभागाचा एकूण ग्रंथसंख्येतला वाटा आणि एकूण देवघेवीतला वाटा. समजा, चरित्रे संग्रहात शंभरात वीस आहेत आणि देवघेवीत शंभरात आठ. तर चरित्रांचा तुटवडा नाही हे उघड आहे. बालविभाग संग्रहात दहा टक्के आणि देवघेवीत पंचवीस टक्के असेल, तर मुले तीच ती पुस्तके फिरवून नेत आहेत. पुढच्या खरेदीची दिशा एवढ्यात कळते. अर्थात या आकड्यांनाही मर्यादा आहे. जे संग्रहात नाहीच ते देवघेवीत दिसणार कुठून?

त्यासाठी मागणीवही. साधी दोनशे पानी वही, पाच रकाने : तारीख, सभासद क्रमांक, काय मागितले, आपल्याकडे आहे की नाही, पुढे काय केले. ‘काय मागितले’ या रकान्यात पुस्तकाचे नावच हवे असे नाही. ‘गुडघेदुखीवर काही’, ‘सातवीच्या मुलीला विज्ञानाचे’, ‘शेळीपालन’, ‘कालच्या पुरवणीत परीक्षण आलेले ते’ हेही जसेच्या तसे लिहावे. वही टेबलावर वाचकांसाठी उघडी ठेवली की महिनाभर उत्साहाने भरते आणि मग धूळ खाते. म्हणून ती ग्रंथपालाने स्वतः भरावी. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो कोरा राहायला लागला की सभासद मागणे सोडून देतात आणि ‘नवीन काही आलंय का?’ एवढेच विचारून परत जातात.

एका पुस्तकासाठी चार-पाच जण थांबले असतील तर दुसरी प्रत घ्यावी. पंधरा दिवसांची मुदत धरली तर पाचव्याचा नंबर साधारण अडीच महिन्यांनी लागतो. दोन प्रती असल्या की तोच काळ सव्वा-दीड महिन्यावर येतो. तिसरी प्रत मात्र सहसा घेऊ नये. गाजणाऱ्या पुस्तकाची लाट वर्षभरात ओसरते आणि तीन-तीन प्रती शेजारी शेजारी उभ्या राहतात. स्पर्धा परीक्षेची पुस्तके याला अपवाद. ती वाचनकक्षातच बसून वाचली जातात आणि एकाच वेळी लागतात.

आता पैशांचे. वर्षाला ग्रंथखरेदीला ४०,००० रुपये आहेत असे धरू. नियतकालिके आणि दिवाळी अंक यांचे पैसे वेगळे. तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावात साधारण अशी वाटणी चालते : कथा-कादंबरीला १२,०००, बालविभागाला १०,०००, स्पर्धा परीक्षेला ६,०००, चरित्र-इतिहास-प्रवास-वैचारिक मिळून ६,०००, आरोग्य-शेती-कायदा-पाककृतींना ४,०००, आणि हरवलेल्या व फाटलेल्या पुस्तकांच्या जागी नव्या प्रती घ्यायला २,०००. छापील किंमत सरासरी ३०० आणि सवलत २० टक्के धरली तर कथा-कादंबरीची पन्नास पुस्तके येतात, म्हणजे आठवड्याला एक नवे. वाचकाला वर्षभर काहीतरी नवे दिसत राहायला एवढे पुरते. मात्र ते एकदम मार्चमध्ये न येता थोडे थोडे यायला हवे.

म्हणून वर्षातून चार वेळा खरेदी : जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. अनुदानाचा हप्ता उशिरा येतो ही अडचण खरी आहे. वर्गणी आणि देणग्यांचे जे काही स्वतःचे उत्पन्न असेल त्यातून जून-सप्टेंबरची छोटी खरेदी भागवता येते आणि अनुदान आल्यावर मोठी. ओळखीचा स्थानिक विक्रेता दोन-तीन महिन्यांची उधारीही देतो. मात्र अशा वेळी बिलाची तारीख पुस्तके आली त्याच दिवसाची असावी. मागच्या-पुढच्या तारखा घालायला लागलो की दाखल नोंदवही, बिल आणि धनादेश यांचा मेळ लेखापरीक्षणात बसत नाही. बिलावर प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक, छापील किंमत, सवलत आणि प्रती वेगवेगळ्या हव्यात. ‘विविध मराठी पुस्तके, १३० नग’ असे बिल स्वीकारूच नये. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तेव्हा कुणी तो लावला असेल तर बिल परत करावे.

सवलतीच्या टक्केवारीला भुलणे ही यातली सर्वांत महागडी चूक. ‘पन्नास टक्के सवलत, शंभर पुस्तकांचा संच’ अशा योजना मार्चअखेरीच्या हंगामात हमखास येतात. संचातले एक पुस्तक हातात घेऊन हिशेब करावा. ६४ पाने, छापील किंमत १५० रुपये, सवलतीनंतर ७५. पानाला सुमारे १ रुपया १७ पैसे पडले. शेजारचे २४० पानांचे, ३०० रुपयांचे पुस्तक वीस टक्के सवलतीने २४० रुपयांना मिळते, पानाला एक रुपया. निम्म्या किमतीचे म्हणून घेतलेले पुस्तक महाग निघाले, वर ते वाचणारा कुणी नाही. छापील किमतीवर नव्या किमतीची पट्टी चिकटवलेली दिसली तर ती नखाने उचलून खालची किंमत पाहायलाही हरकत नाही.

पुस्तक पाहून घेणे म्हणजे मुखपृष्ठ पाहणे नव्हे. मधोमध उघडून टेबलावर सपाट दाबून पाहावे. नुसत्या गोंदावर चिकटवलेली बांधणी असेल आणि गोंद कोरडा असेल तर कण्यातून बारीक कट्ट असा आवाज येतो. असे पुस्तक दहा-बारा सभासदांच्या हातांतून गेले की पाने सुटतात. फर्मे, म्हणजे छापील कागदाच्या घड्या, दोऱ्याने शिवलेले असतील तर वरच्या कडेला घड्यांचे छोटे छोटे गठ्ठे दिसतात. वीस-तीस रुपये जास्त पडले तरी वाचनालयाने असेच घ्यावे. बांधणाऱ्याकडे पुन्हा बांधायला टाकलेले पुस्तक महिनाभर तरी अडकून पडते. मग श्रेयपान : आवृत्ती कितवी, ती सुधारित आहे की नुसते पुनर्मुद्रण, साल कोणते. त्यानंतर अक्षराचा आकार. दुपारी येणारे बरेचसे सभासद साठीच्या पुढचे असतात. बारीक टायपाची, पिवळट कागदावर ठासून छापलेली कादंबरी ते दोन पानांत परत करतात. लेखकाचा दोष नसतो.

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो आणि ते पुस्तक कुणालाही छापता येते. साने गुरुजींचे निधन १९५० चे. २०११ पासून त्यांची पुस्तके अनेक प्रकाशकांनी काढली आहेत. अशा लेखकांच्या आवृत्त्यांत काही नेटक्या असतात, काहींत मुद्रितशोधन झालेलेच नसते, आणि काही संक्षिप्त असूनही मुखपृष्ठावर तसे लिहिलेले नसते. घेण्याआधी जुन्या प्रतीशी प्रकरणांची संख्या आणि शेवटचे पान ताडून पाहावे. अनेक खंडांच्या ग्रंथाचे सगळे खंड घ्यावेत, नाहीतर एकही घेऊ नये. पहिला आणि तिसरा असलेली कपाटे पुष्कळ आहेत.

माहितीपर पुस्तकांत तर जुने पुस्तक निरुपयोगीच नव्हे, अपायकारकही ठरते. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. ‘सामान्यांसाठी फौजदारी कायदा’ छापाची त्याआधीची मार्गदर्शक पुस्तके अजून दर्शनी भागात उभी आहेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तरी वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांचे गठ्ठे सवलतीत विकले जातात आणि घेतलेही जातात. सामान्यज्ञानाचे पुस्तक पारखायची सोपी खूण म्हणजे महाराष्ट्राचे जिल्हे पाहावेत. ३५ लिहिले असतील तर ते पालघर होण्याआधीचे, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचे. केंद्रशासित प्रदेश आठ नसतील तर २०२० पूर्वीचे. शेतीच्या पुस्तकात कीडनियंत्रणाचे प्रकरण आधी उघडावे. एन्डोसल्फान या कीटकनाशकाची शिफारस दिसली की ते कपाटातून काढावे, त्यावर २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आहे. आरोग्याच्या पुस्तकांत ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी हमी देणारी पुस्तके मागणीवहीत कितीही वेळा आली तरी घेऊ नयेत. वाचकाची मागणी पाहायची याचा अर्थ सारासार विचार सोडायचा असा नाही.

बालविभागाबद्दल थोडे सविस्तर, कारण तिथे सर्वाधिक पैसे वाया जातात. विक्रेत्याच्या संचात पंचतंत्र, बिरबल, तेनालीराम यांच्या त्याच त्या बत्तीस पानी पुस्तिका दर वर्षी नव्या मुखपृष्ठांनिशी येतात. पाच वर्षांत एका वाचनालयात बिरबलाचे चौदा अवतार जमू शकतात. खरेदीआधी वयाचे तीन गट करून मोजावे : नुकते वाचायला लागलेले, आठ ते अकरा आणि बारा ते पंधरा. हमखास रिकामा दिसतो तो तिसरा गट. याच वयात मुले वाचनालय सोडतात, आणि त्यांच्यासाठी विज्ञान, साहस, खेळ, चरित्रे असे दीडशे पानांपर्यंतचे साहित्य शोधून शोधून आणावे लागते. लहानांसाठी नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तके स्वस्त आणि चित्रांच्या बाबतीत सरस असतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याची वर्गणी भरलेली नसेल तर आधी ती भरावी. नवशिक्या वाचकांच्या पुस्तकांच्या दोन प्रती घ्याव्यात, कारण ती वाचून संपण्याऐवजी हाताळून संपतात.

दिवाळी अंकांचे गणित स्वतंत्र आहे. अंकांची खरी मागणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. होळीनंतर त्याच अंकांना कोणी हात लावत नाही. त्यामुळे तीस वेगवेगळे अंक घेण्यापेक्षा वीस घेऊन त्यांतल्या सर्वाधिक फिरणाऱ्या पाचांच्या दुहेरी प्रती घ्याव्यात. कोणते फिरतात हे गेल्या वर्षीच्या अंक-देवघेवीत लिहिलेले असते. भविष्याचे अंक आधी उचलले जातात याबद्दल समितीत नाके मुरडली जातात, मुरडू द्यावीत.

शासनमान्य ग्रंथयादी, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव आणि वृत्तपत्रांतली परीक्षणे यांचा उपयोग मागणीवही भरल्यानंतर होतो. आधी वहीतल्या नोंदी, मग त्या विषयावर यादीत काय आहे ते पाहणे. ग्रंथोत्सवात पुस्तक हातात घेऊन पाहता येते हा मोठा फायदा. पण तिथे आपल्या संग्रहाची यादी सोबत नसली तर आहे तेच पुस्तक पुन्हा घरी येते. लेखकवार यादीचा फोटो मोबाइलमध्ये असला तरी काम भागते. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून (स्थापना १९७२) योजनेत येणारी पुस्तके आपण निवडलेली नसतात. ती आली की आपल्या यादीतून तेवढी नावे खोडून वाचलेले पैसे दुसरीकडे वळवावेत. शासकीय ग्रंथागारात, म्हणजे सरकारी प्रकाशनांच्या विक्रीकेंद्रात, डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड आणि साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशने माफक किमतीत मिळतात. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत आहे. तेव्हा संदर्भ विभागासाठी महागडे, चकचकीत ज्ञानकोश घेण्याआधी एक चालू संगणक आहे का ते पाहावे.

देणगी पुस्तकांवर लेखी धोरण हवे, आणि ते दर्शनी भागात लावलेले हवे. घर बदलताना किंवा वडील गेल्यावर तीनशे पुस्तके एकदम येतात. त्यांत वीस-पंचवीस खरोखर मोलाची, बाकी जुनी पाठ्यपुस्तके, फुकट वाटलेल्या पुस्तिका, कसर लागलेली मासिके. ‘निवड करण्याचा, न लागणारी पुस्तके अन्यत्र देण्याचा अधिकार वाचनालयाचा राहील’ हे वाक्य पावतीवर छापून घ्यावे आणि देणगीदाराची सही घ्यावी, म्हणजे पुढची कटुता टळते. आलेली पुस्तके थेट कपाटात लावू नयेत. वेगळ्या खोलीत, भिंतीपासून दूर टेबलावर दोन-तीन आठवडे ठेवून कण्याजवळ आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला वाळवीची माती, कसरीची भोके, बुरशीचे डाग पाहावेत. कोकणात पावसाळ्यात आलेली देणगी दिवाळीपर्यंत वेगळीच ठेवलेली बरी. एका दमट गठ्ठ्याने अख्खे कपाट जाते.

गावातल्या कवीचा स्वखर्चाने काढलेला संग्रह घ्यावा का, हा दर समितीतला नाजूक विषय. एक प्रत घ्यावी, पूर्ण किमतीला, आणि ‘आपला परिसर’ अशा वेगळ्या फळीवर ठेवावी. पंचवीस प्रती घेण्याचा आग्रह सभ्यपणे नाकारावा. त्या फळीवर गावच्या शाळांच्या स्मरणिका, जत्रेच्या पुस्तिका, पतसंस्थांचे सुवर्णमहोत्सवी अंक, स्थानिक इतिहासाची टिपणे असावीत. हे साहित्य वर्षात एकदाही बाहेर गेले नाही तरी ते काढायचे नाही, कारण दुसरी प्रत कुठेही नसते.

बाकीच्या संग्रहातून मात्र काढावे लागते, आणि इथे घोडे अडते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. मान्यता व अनुदानाचे नियम १९७० चे. त्यांनुसार वाचनालयाचा वर्ग ठरताना ग्रंथसंख्या मोजली जाते. परिणाम असा की मोडकळीला आलेले, कालबाह्य, पाने गळालेले पुस्तकही ‘संख्या’ म्हणून सांभाळले जाते आणि संख्या वाढवायला चाळीस-पन्नास रुपयांच्या पुस्तिका आणल्या जातात. फळी खचाखच भरली की पुस्तक ओढताना वरची कड फाटते आणि वाचकाला हवे ते दिसत नाही. तीन फुटी फळीवर पंचवीस-तीस पुस्तके उभी करून तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा. एवढी शिस्त पाळली तरी काय काढायला हवे ते आपसूक समोर येते.

निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक रीतसर नोंदीतून काढून टाकण्याची, पद्धत अवघड नाही, लोक लेखापरीक्षणाच्या धाकाने टाळतात. दाखल क्रमांकानुसार यादी, प्रत्येकापुढे कारण (जीर्ण, कालबाह्य, जादा प्रत, हरवले), कार्यकारी मंडळाचा ठराव, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाशी लेखी पत्रव्यवहार, दाखल नोंदवहीत लाल शाईने नोंद, पुस्तकावर ‘निर्लेखित’ शिक्का. हा शिक्का न मारता रद्दीत घातलेले पुस्तक सहा महिन्यांनी कुणीतरी ‘तुमचे सापडले’ म्हणून परत आणून देतो. काढलेल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही देऊ नये.

ग्रंथनिवड समिती पाच जणांची पुरे : ग्रंथपाल, एक शिक्षक, नियमित वाचणारे दोन सभासद, त्यांतली एक तरी महिला, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एखादा तरुण. अध्यक्ष-सचिवांना समितीत घेतले तर बाकीचे बोलत नाहीत. बैठक तासाभराची, समोर मागणीवही, विभागवार दोन आकड्यांचा कागद आणि पुस्तकांच्या किमती.

ग्रंथालय संचालनालयाकडे मागणे मोजकेच आहे. अनुदानाचा पहिला हप्ता पावसाळ्याच्या सुरुवातीला मिळावा. वर्ग ठरवताना नुसत्या ग्रंथसंख्येबरोबर वर्षातली देवघेव मोजावी. योग्य रीतीने निर्लेखित केलेल्या पुस्तकांमुळे वर्ग खाली येणार नाही, असे स्पष्ट परिपत्रक काढावे. आणि वार्षिक तपासणीला येणारे अधिकारी दाखल नोंदवही, जमाखर्च व सभासद नोंदवही मागतात, त्यांच्या जोडीला मागणीवहीही मागावी. तिच्यातल्या शेवटच्या रकान्यावर त्यांनी तारखेसह सही केली तर ती वही पुढच्या वर्षीही भरली जाईल.

आपला विश्वासू,
एका ‘क’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल